प्रार्थनेत गाव असतं, वॉर्डाच्या मीटिंगला आपण नसतो

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायची प्रार्थना, जरा लांबतेच. पंतप्रधान, मुख्यमंत्री, कलेक्टरसाहेब, पोलीस, सीमेवरचे जवान, पाऊस, ऊस, द्राक्षबागा, अ‍ॅडमिट असलेले पेशंट, दहावी-बारावीची पोरं, एकूण एक सगळे येतात त्यात. बायबलमध्ये पौलानं तीमथ्याला लिहिलंयच तसं, की राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हणजे शांतपणानं जगता येईल. मला ही प्रार्थना आवडते, कारण तेवढा वेळ तरी आम्ही आमच्या मूठभर घरांच्या बाहेर बघतो. पण आमेन झालं, चपला घातल्या, गाडी काढली की संपलं. प्रभागाची मीटिंग असो, शाळा व्यवस्थापन समितीची निवड असो, रेशनची दक्षता समिती असो, आमच्यातलं कोण तिथं दिसत नाही. 'आपण बरं नि आपलं काम बरं' हे वाक्य मी आमच्या मंडळीत जेवढ्या वेळा ऐकलंय तेवढं शास्त्रातलं कुठलं वचन ऐकलं नसेल.

ह्यावर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. लिहिताना कुणाला टोचेल, टोचू दे.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा २९ वा अध्याय काढून बघा. आमच्याकडं त्यातलं ११ वं वचन फार फेमस, कॅलेंडरवर, कपावर, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर, तुमच्यासाठी चांगल्या योजना आहेत वगैरे. पण ते वचन ज्या पत्रात आहे ते पत्र कुणाला गेलं होतं? इसवी सनापूर्वी ५९७ च्या आसपास नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेममधली माणसं उचलून बाबेलला नेली, त्या बंदिवान लोकांना. हनन्या नावाचा एक संदेष्टा सगळ्यांना गोड गोड सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होतंय, घाबरू नका. आणि यिर्मया लिहितो की नाही बाबांनो, सत्तर वर्षं लागणार आहेत, तेव्हा घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, पोरापोरींची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं बघा, त्याच्यासाठी देवाजवळ मागा, कारण त्याचं भलं झालं तरच तुमचं होणार. म्हणजे ज्यांनी घरदार लुटलं, मंदिरातली भांडी नेली, त्यांच्या शहराचं भलं! मी तिथला बंदिवान असतो तर मला हे पत्र आवडलं नसतं, फाडून टाकलं असतं बहुतेक.

आणि आमची अवस्था तर बंदिवानांची पण नाही. आम्ही कुठून आणलेले नाही, इथलेच आहोत. माझ्या आईकडचे खटाव-माण पट्ट्यातले, दुष्काळी मुलखातले, आमच्याकडचे मिरज तालुक्यातले, बोली तीच, भाकरी तीच, आडनावं तीच. तरी आम्ही वागतो मात्र भाड्यानं राहिल्यासारखं. छत गळलं तर मालक बघून घेईल.

आता मिरजेचं सांगतो, कारण हा विषय निघाला की आमची मंडळी लगेच छाती फुगवून मिरज मिशन हॉस्पिटलचं नाव घेतात. घ्यावंच, हक्क आहे. विल्यम वानलेस नावाचा कॅनडातला तरुण डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडून १८८९ च्या सुमाराला आधी सांगलीत आला आणि १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. पुढं नर्सिंगचं ट्रेनिंग, कुष्ठरोग्यांचा दवाखाना, टीबीचं सॅनेटोरियम. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे ना, रिक्षावाला रोज ओरडतो ते नाव, ते ह्याच माणसाचं. १९२८ मध्ये त्यांना सर किताब मिळाला. कर्नाटकातनं, कोकणातनं, गोव्याकडनं माणसं रेल्वेनं मिरजेला यायची, कारण मिरज जंक्शन आणि जंक्शनपासून टांग्याच्या अंतरावर ऑपरेशन करणारा डॉक्टर. आज मिरजेला आरोग्यपंढरी म्हणतात, गल्लोगल्ली हॉस्पिटलं, लॅब, मेडिकल दुकानं, आणि ह्या सगळ्याचं मूळ शोधत गेलं की तुम्ही त्या मिशन कंपाउंडलाच येऊन थांबता. १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज मिरजेतच का आलं ह्याचं उत्तरही त्याच कंपाउंडात मिळतं.

पण छाती फुगवताना आमची माणसं एक गोष्ट विसरतात. त्या हॉस्पिटलला जागा मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी दिली. म्हणजे जागा हिंदू राजाची, पैसा बराचसा अमेरिकेतला, सर्जन कॅनडाचा, नर्स आणि कंपाउंडर आपल्या मराठी ख्रिस्ती पोरी-पोरं, आणि पेशंट मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, महार, मांग, ब्राह्मण सगळे. 'आम्ही केलं' असं म्हणताना ह्यातलं नक्की कोण 'आम्ही'? मला तर वाटतं की ते हॉस्पिटल एवढं मोठं झालं त्याचं कारणच हे, की ते एकट्या ख्रिस्ती लोकांचं कधी नव्हतंच. गावाची गरज होती, गावानं जागा दिली, आमच्या लोकांनी राबून ते चालवलं.

बरं, आता दुसरी बाजू, कारण हा ब्लॉग फक्त आमचीच माणसं वाचत नाहीत. त्या काळच्या मिशन हॉस्पिटलांत सकाळी ओपीडीच्या आधी प्रार्थना व्हायची, बायबलवाचन व्हायचं, वॉर्डात बायबल वुमन, म्हणजे बायबल वाचून दाखवणाऱ्या बायका, फिरायच्या. ह्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, ते उघडच करत होते. पण आजारी माणूस बेडवर पडलेला असताना त्याच्यासमोर धर्म मांडायचा का, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता आणि चुकीचा विचारला नव्हता. गांधीजींनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं की सेवा करा, पण सेवेच्या आड धर्मांतर नको. आमच्यात गांधीजींचं हे बोलणं काढलं की लोक चिडतात. मला ते पटतं. म्हणजे अर्धं पटतं. सेवेला गळ म्हणून वापरणं वाईटच, त्यानं सेवाही खोटी होते आणि विश्वासही. पण म्हणून सेवा करणाऱ्यानं आपण कोण आहोत ते लपवून ठेवावं, हे कुठलं? कुणी विचारलं की बाबा तू हे का करतोस, तर मी येशूचं नाव घेणार, खोटं कशाला बोलू.

आणि सेवेतनं ख्रिस्ती किती झाले अशी आकडेमोडच करायची तर फुल्यांचं बघा ना. मूळ गाव कटगुण, खटाव तालुका, सातारा जिल्हा. सावित्रीबाई नायगावच्या, त्याही आमच्या सातारा जिल्ह्यातल्याच. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. बाप्तिस्मा घेतला का? नाही. स्वतःचा सत्यशोधक समाज काढला, स्वतःचा विचार मांडला. मिशनच्या रजिस्टरमध्ये एक सभासद वाढला नाही, म्हणून ती शाळा फुकट गेली म्हणायची का? महाराष्ट्राला जे मिळालं ते कुठल्या रजिस्टरमध्ये लिहायचं? सगळ्यांचं भलं म्हणतात ते मला असं दिसतं, की ज्यानं पेरलं त्याच्या खात्यावर ते जमा होत नाही आणि होऊही नये.

साताऱ्याचं आणखी एक. रेव्हरंड नारायण वामन टिळक, आयुष्याच्या शेवटी शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात येऊन बसले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ज्यांना ख्रिस्ताच्या मागं जायचंय ते सगळे एकत्र, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. दोन वर्षांत ते वारलेच, १९१९ मध्ये, त्यामुळं ते पुढं कुठं गेलं असतं कोण जाणे. पण पगार, बंगला, मिशनचं छत्र सोडून गावात मिसळायचं हे त्यांना सुचलं, एवढ्यावरही मी खूश आहे. आमच्याकडं त्यांची भजनं म्हणतात पेटी-तबल्यावर, फार गोड म्हणतात, आणि दरबाराचं नाव विचारलं तर अर्ध्या लोकांना माहीत नाही.

आता २०१९. ऑगस्टमधला तो आठवडा सांगलीकराला सांगायला नको. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी आणि पाणी चढलं ५७ फुटांच्या वर. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, सांगलवाडी, सगळं पाण्यात. आमचं चर्च उंचावर, म्हणून हॉल उघडला, चटया टाकल्या, भात-आमटीची पातेली चढली. मशिदीतून भाकरी येत होत्या, गणपती मंडळांची पोरं होडीतून दूध पोचवत होती, कोण कुठला हे विचारायला कुणाला सवड नव्हती. आठ-दहा दिवसांनी पाणी उतरलं आणि किट वाटायचं ठरलं, तांदूळ, डाळ, तेल, साबण, ब्लँकेट. किट भरताना आमच्यातल्या एका भावानं खिशातून धर्मप्रचाराच्या पत्रिकांचा गठ्ठा काढला. प्रत्येक पिशवीत एक टाकू म्हणाला, एवढी चांगली संधी परत येणार नाही, देवानंच दार उघडलंय.

तिथं जे भांडण लागलं ते मी अजून विसरलेलो नाही. पंचांमधले दोघं तिकडं, दोघं इकडं, पाळकसाहेब मध्ये गप्प. एकजण म्हणाला सुवार्ता सांगायला लाजायचं का, दुसरा म्हणाला उद्या व्हिडिओ काढून कुणी टाकला की चर्चवर दगड येतील. मला दोन्ही बाजू नापसंत होत्या, कारण एकाला पिशवीतून माणूस धरायचा होता आणि दुसऱ्याला फक्त भीती वाटत होती, म्हणजे भीती नसती तर ह्यानंही टाकलीच असती की पत्रिका. शेवटी महिला मंडळातल्या एक मावशी, तांदूळ मापत बसलेल्या, माप खाली ठेवून म्हणाल्या, "अरे, तिकडं लोकांच्या घरात चिखल हाय ढोपराएवढा आणि तुम्ही कागद घालायचा का न्हाई ह्याच्यावर भांडतायसा व्हय? ज्याला इचारायचं तो इचारंल, पिशवी कुठनं आली म्हणून. मग सांगा की. कोण अडवलंय?" पत्रिकांचा गठ्ठा परत खिशात गेला. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात राजा म्हणतो ना, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही खायला दिलंत, तिथं ज्यांनी दिलं त्यांना पत्ताच नसतो की आपण कुणाला दिलं. मावशींचं शिक्षण सातवी. पण त्या दिवशी हॉलमध्ये बायबल त्यांनाच कळलेलं होतं.

एवढं झालं, किट वाटून झाली, फोटो निघाले, उपकारस्तुतीची उपासना झाली. आणि पुढं? पुढं काहीच नाही, आणि माझं सगळं दुखणं इथंच आहे. पूर का येतो ह्यावर सांगलीत वर्षानुवर्षं बोलणं चालू आहे. कर्नाटकातलं अलमट्टी धरण, त्याची उंची, कोयनेतला विसर्ग, एकाच वेळी पडलेला पाऊस, आणि नदीच्या पात्रात, ओढ्या-नाल्यांवर झालेली बांधकामं. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनंही पूरपट्ट्यातल्या बांधकामांकडं बोट दाखवलं. निळी रेषा, लाल रेषा अशा पूररेषा नकाशावर आखलेल्या असतात आणि तरी तिथं प्लॉट पडतात, विकले जातात, भराव पडतो. अलमट्टीकडं बोट दाखवणं सोपं, ते दुसऱ्या राज्यात आहे. पण भराव टाकणारा आपल्या ओळखीचा असतो. कधी कधी तर आपल्याच बाकावर बसणारा. मग ब्लँकेट वाटायला सगळे पुढं आणि पूररेषेवर हरकत नोंदवायची वेळ आली की 'हे राजकारण झालं, चर्चनं ह्यात पडू नये'. ब्लँकेट वाटणं धर्म आणि ब्लँकेटची वेळच येऊ नये म्हणून धडपडणं राजकारण, ही वाटणी कुणी केली मला माहीत नाही, पण शास्त्रात ती नाही.

कॅथलिक लोकांकडं ह्यावर विचार जास्त झालाय, हे आम्हा प्रोटेस्टंट लोकांनी कबूल करायला हरकत नाही. १८९१ मध्ये तेरावे लिओ पोप होते, त्यांनी कामगारांच्या मजुरीवर अख्खं परिपत्रक काढलं, की मालक आणि मजूर दोघं 'राजी' आहेत एवढ्यानं मजुरी न्याय्य ठरत नाही, त्या पैशात माणसाला जगता आलं पाहिजे. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सगळ्यांच्या भल्याची व्याख्याच दिली. माझ्या भाषेत सांगायचं तर समाजात अशी परिस्थिती असणं, की प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक गटाला नीट वाढता येईल, फुलता येईल. प्रत्येकाला, फक्त बाप्तिस्मा घेतलेल्याला नाही.

मजुरीचं निघालंच आहे तर आमच्या भागात ती व्याख्या लावून बघायला लांब जायला नको. नाताळच्या दिवसात कारखान्यांचा सीझन जोरात असतो. बीडकडची, मराठवाड्यातली जोडपी कोयता घेऊन आलेली असतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे हिशेबात दोघांचं मिळून एकच माप. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत राबायचं. फडाच्या कडेला पाचटाच्या, प्लास्टिकच्या कोप्या, बाईला संडासला जायला आडोसा नाही, पोरं शाळा सोडून आलेली. आमचा तरुण संघ एका वर्षी कॅरल म्हणायला तिकडं गेला, केक दिला, टोप्या दिल्या, पोरं नाचली, छान झालं सगळं. परत येताना ट्रॉलीत एका पोरानं विचारलं की ह्यांना टनाला किती मिळतात. कुणालाच माहीत नव्हतं. आणि आमच्यातल्या ज्यांचा ऊस आहे ते गप्प बसले.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे बघा, तुमची शेतं कापणाऱ्या मजुरांची जी मजुरी तुम्ही दाबून ठेवली ती ओरडतेय, आणि ते ओरडणं सैन्यांच्या प्रभूच्या कानावर गेलंय. ऊसपट्ट्यातल्या चर्चमध्ये ह्या वचनावर संदेश ऐकलेला मला आठवत नाही. दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देण्यावर, ऐकलाय, पोशाखावर ऐकलाय, मोबाइलवर तर महिन्याआड असतो.

आता आमच्या समाजाच्या राजकारणाचं. ते अजिबात नाही असं नाही. डिसेंबर आला की नेतेमंडळींना नाताळच्या कार्यक्रमाला बोलवायचं, शाल, बुके, केक, दोन शब्द. त्यांनी म्हणायचं की ख्रिस्ती समाज फार शांतताप्रिय आहे. आम्ही टाळ्या वाजवायच्या. मग निवेदन द्यायचं, दफनभूमीला कंपाउंड, हॉलला पेव्हर ब्लॉक. दफनभूमीचा प्रश्न खराच आहे, मी हसत नाहीये, माणूस मेल्यावर जागेसाठी फिरावं लागू नये. पण वर्षानुवर्षं निवेदनात फक्त 'आमचं' असतं. शेजारच्या झोपडपट्टीला पाणी येत नाही ही ओळ एकदाही त्यात आलेली नाही. आणि मिशनच्या जुन्या जागांवरून आपापसात ज्या कोर्टकचेऱ्या चालतात, ट्रस्टी कोण, सही कुणाची, जागा कुणी विकली, त्याबद्दल गावात लोक काय बोलतात हे आमच्या लोकांनी एकदा पानाच्या टपरीवर उभं राहून ऐकावं. ज्या जागा आजोबा-पणजोबांच्या काळात गावाच्या उपयोगाला आल्या त्यांचे आता सातबारे काखेत घेऊन फिरतो आम्ही.

आमच्याच समाजाचे लोक स्वातंत्र्याच्या वेळी केवढे मोठ्या मनाचे होते. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी, बंगालचे ख्रिस्ती, अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष तेच. धर्माच्या नावानं राखीव मतदारसंघ नकोत, ह्या बाजूनं ते उभे राहिले आणि १९४९ च्या मे महिन्यात ते तसं ठरलंही. आम्हाला वेगळं काढू नका, सगळ्यांबरोबर उभं राहू द्या. राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती, देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री, दिल्लीचं एम्स उभं राहण्यामागं त्यांची धडपड. ख्रिस्ती मतांसाठी कुणी काय केलं असा हिशेब त्या पिढीच्या तोंडी दिसत नाही.

बदल्यात काय मिळालं असं विचाराल तर एक जखम मिळाली, तीही सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती जवळजवळ फक्त हिंदूंपुरत्या धरल्या. १९५६ ला सगळे शीख आले त्यात, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. सातारा-सांगलीकडच्या चर्चमधल्या बहुतेकांची मुळं महारवाड्यात, मांगवाड्यात आहेत, हे सगळ्या गावाला माहीत आहे, गाव विसरत नाही, फक्त कागद विसरतो. आम्हालाही त्यात धरा ही मागणी रास्त आहे आणि मी तिच्या बाजूनं आहे. पण ती मागताना आम्ही एकटेच मागतो. बौद्ध वस्तीत, मातंग वस्तीत काही अन्याय झाला, कुणाला मारहाण झाली, तेव्हा आमच्या चर्चचं पत्रक निघालेलं मी पाहिलं नाही. त्यांच्या मोर्चात आपण नाही, मग आपल्या मोर्चात ते का येतील?

सगळंच रडगाणं नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो डोळ्यासमोर आणा. वसईत बिल्डर, टँकर आणि गुंडगिरीविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीतून जे आंदोलन उभं राहिलं त्यात हा धर्मगुरू पुढं होता, विहिरी, भातशेती, झाडं वाचवायला. ते आंदोलन कॅथलिकांचं म्हणून उभं राहिलं नाही, वसईच्या पाण्याचं म्हणून उभं राहिलं, आणि विहीर आटली तर ती सगळ्यांचीच आटते. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा नावाला विरोध झाला, धमक्यांच्या बातम्या आल्या, तरी पाठदुखी घेऊन, व्हीलचेअरवर ते गेलेच. २०२४ मध्ये गेले बिचारे. आमच्याकडं त्यांचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, वसईत ख्रिस्ती भरपूर, इथं आपण किती. खरंय. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रातच ख्रिस्ती एक टक्क्याच्या आत आहेत, आमच्या दोन जिल्ह्यांत तर त्याहून तुरळक. पण नाल्यावर हरकत नोंदवायला एक टक्का लागत नाही, एक सही लागते.

भीतीचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. गेल्या काही वर्षांत वातावरण तापलंय, धर्मांतराच्या नावानं मोर्चे निघतात, घरातल्या प्रार्थनासभेवर शेजारी फोन करतात, पोरांना कॉलेजात टोमणे बसतात. अशा वेळी आमचे जुने लोक म्हणतात, मान खाली घालून राहा. मला उलटं वाटतं. जो शेजारी तुम्हाला फक्त रविवारी पांढऱ्या कपड्यात बघतो तो तुमच्याबद्दल काहीही ऐकलं तरी खरं मानेल. जो तुमच्याबरोबर पाण्याच्या टाकीसाठी ऑफिसच्या पायऱ्यांवर बसलाय तो निदान एकदा तुम्हाला फोन करून विचारेल. ह्याची गॅरंटी नाही, माहितीय मला, अशी ओळख असूनही लोक पलटलेले पाहिलेत. आणि वाचण्यासाठी म्हणून भलं करायचं नसतंच, तसं केलं तर ती पण एक पत्रिकाच झाली पिशवीतली.

आमच्या पाळकसाहेबांशी ह्यावर बोललो. चांगले आहेत माणूस, तरुण आहेत. म्हणाले, "दादा, मी मीटिंगला आलो की लोक म्हणणार चर्च कुठल्या पार्टीचं हाय." मुद्दा बरोबर आहे. चर्चनं पार्टीचा झेंडा घेऊ नये, वेदीवरून उमेदवाराचं नाव घेऊ नये, ह्यात मला शंका नाही, ज्यांनी घेतलं त्यांचं काय झालं ते आपण बघतोय. मी त्यांना म्हटलं, तुम्ही नका येऊ, पण पुढच्या रविवारी जाहिराती वाचताना, वाढदिवस आणि लग्नांच्या नोटिसा झाल्या की एक ओळ वाचा, की वॉर्डाची मीटिंग अमुक दिवशी आहे. एवढंच. पंचांपुढं ठेवतो म्हणाले.

सध्या चालू आहे ते एवढंच आहे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो ओढा आहे, खरं तर होता, त्याच्यावर अर्धा भराव पडलाय आणि दर पावसाळ्यात अंगणवाडीत पाणी शिरतं. अंगणवाडीत आमच्या समाजाचं एकही पोर नाही, हे मुद्दाम लिहितोय. मी, समोरचे मुल्लाणी चाचा आणि पलीकडच्या गल्लीतल्या पाटील वहिनी असं तिघांनी मिळून अर्ज दिलाय, भरावाचे फोटो जोडलेत, जुन्या नकाशाची प्रत लावलीय. ऑफिसात साहेब जागेवर नव्हते, पोच मिळाली, तिच्यावर तारखेचा शिक्का पुसट आलाय म्हणून वहिनींनी परत मारून घेतला, त्या बाबतीत त्या फार पक्क्या आहेत. माहिती अधिकाराचा अर्जही लिहून तयार आहे, उत्तर नाही आलं की टाकायचा. जूनच्या आत काहीतरी हललं पाहिजे. तरुण संघातल्या दोन पोरांना विचारलंय, एकानं हो म्हटलंय, दुसरा म्हणाला कॅरलची प्रॅक्टिस आहे. एप्रिल महिना चालू आहे.